दुकानात ठेवून आलेला चार्जर

माझ्या नातीला बसून करायचं काम पाहिजे व्हतं. उभं राहून, चालून करायचं काम तिच्यानं व्हत न्हाई. पाच वर्षांची असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चाक तिच्या उजव्या पायावरून गेलं. पाय राहिला, पर गुडघ्याखाली वाळल्यावानी झाला. आमचं घर मेंढरावाल्याचं. ज्याला चालता येत न्हाई त्याला काय काम द्यावं, हे आमच्यात कुणालाच ठावं न्हाई. माझा लेक अन सून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतेत, ते पावसाच्या टायमाला माघारी येतेत. नात माझ्यापशी. घरी मी, ती, अन दारात बांधलेल्या बकऱ्या.

बारावी केली तिनं. मंग पालमला कंप्युटरच्या क्लासला एसटीनं जायला लागली. एसटीची पायरी उंच. आधी हातानं दांडा धरायचा, मंग चांगला पाय, मंग दुसरा वडून घ्यायचा. कंडक्टर वळखीचा झालता, तो मनायचा, "दमानं, माय. गाडी काय पळून जायली न्हाई." दीड वर्ष अशी गेली. तितल्या सरांनीच तिचं नाव एका कंपनीत दिलं. कंपनी कुटं पुण्याकडं, पर काम घरी बसून. कागदाचे फोटू येणार, ते बघून टाईप करायचं. आधी पंधरा दिवस शिकवणार. रोज सकाळी नऊला लॅपटॉपवर तोंड दाखवून बसायचं, दोन दिवस गैरहजर राहिलं की नाव कटलं. अन लॅपटॉप आपला आपुन आणायचा, मोबाईल चालत न्हाई. हे सगळं तिनं मला दोनदा वाचून दाखवलं. मी मनले, "घेऊ की मंग."

नवा घ्यायची ऐपत न्हाई. सर मनले, जुना घ्या, बघून घेतला तर चार-पाच वर्षं त्याला काई व्हत न्हाई. काय काय बघायचं ते त्यांनी एका कागदावर लिहून दिलं.

मी तीन बकऱ्या अन एक बोकड बाजारात नेला. त्यातली एक दर येताला जुळी देणारी व्हती. तीबी दिली. घरी दोन म्हाताऱ्या बकऱ्या अन करडं राहिली.

परभणीला स्टँडपासून जवळच जुन्या लॅपटॉपची दुकानं हायेत. आमी तीन दुकानं बघितली, चौथ्यात बसलाव, कारण तितं बसायला खुर्ची व्हती अन नातीचा पाय दुखायलता. दुकानदार चाळिशीचा, चष्मेवाला, बोलायला गोड.

"काय पाहिजे, आजी?"

"मला काय पाहिजे. हिला पाहिजे. तू दाखव, आमी बघताव."

त्यानं तीन मांडले. नातीनं कागद मांडीवर ठेवला. पहिल्याचं झाकण उघडलं तर ते आपोआप मागं पडलं. तिनं परत उभं केलं, परत पडलं.

"हे मानच धरीना," मी मनले.

"बिजागरी जरा ढिली हाय, आवळून देतो," दुकानदार मनला.

"ढिली न्हाई, मोडली हाय," नात मनली. तिनं बोटानं दाखवलं, कडंचं प्लास्टिक चिरलेलं व्हतं. ते बाजूला सारलं.

दुसरा लय चकचकीत. मला तो तवाच पटला न्हाई. बाजारात जनावर लय धुऊन-पुसून आणलं की मी आधी त्याच्या खुरात बघते. नवरा वारल्यावर तीस वर्षं बकऱ्याचा बाजार मीच केलाय. तर मी मनले, हे पालथं कर. तिनं पालथं केलं. खालचे स्क्रू सगळे खरवडलेले, दोन तर जाग्यावर नव्हतेच.

"कितींदा खोललंय रे हे?"

दुकानदार हसला. "आजी, तुमी तर माझ्या मेकॅनिकपेक्षा तेज निघालात."

"तेज असते तर इतं आले असते का?"

तिसऱ्याच्या झाकणावर मोठा वरखडा व्हता, कुणीतरी दगडावरून वडल्यासारखा. पर स्क्रू नीट, बिजागरी घट्ट. मंग नातीनं तो चालू केला अन कागदाप्रमाणं एकेक बघायला लागली. आधी पडदा सगळा पांढरा करून बघितला. पांढऱ्यावर काळा डाग असला तर कळतो, मनली. डाग नव्हता. मंग एकेक बटन दाबलं, अक्षर उमटतंय का बघितलं. लय येळ लागला त्याला.

"आजी, दातबी बघणार का ह्याचे?" दुकानदार मनला.

"तेच बघायली की ती."

कॅमेरा लावला, त्यात आमची दोघींची तोंडं दिसली. मी पदर नीट केला. तिच्या मोबाईलचं नेट त्यात घेतलं, आवाज ऐकला, बाजूच्या भोकात पेनड्राईव घालून बघितला. मंग ती मनली, "दादा, आत पहिल्या मालकाचं नाव हाय का?" तो मनला, हाय, काढून देतो. नात मनली, आत्ता काढा, माझ्यासमोर. मला तिनं सांगितलं, पहिल्याचं नाव आत राहिलं तर तो घरबसल्या ह्याला कुलूप घालू शकतो, मंग आपल्याला उघडत न्हाई. दुकानदारानं नाव काढलं, सगळं पुसलं, हिचं नाव टाकलं. पाऊण घंटा गेला त्यात. बिलावर जो नंबर लिहिला तोच पालथ्या बाजूला हाय का, तेबी तिनं बोट ठेवून ताडून बघितलं. सात दिवसात काई झालं तर बदलून देणार, तेबी बिलावर लिहून घेतलं.

शेवटाला बॅटरी. आमच्याकडं दिवसा लाईट कवा जाईल ते सांगता येत न्हाई, मनून बॅटरी पाहिजेच. मी मनले, वायर काढ अन चालू ठेव, आमी इतंच बसताव. जनावर घेताना मी तसंच करते. घेणारा समोर आला की सगळीच जनावरं मान वर करून उभी राहतेत, घटकाभर त्याच्यापशी बसलं की खोकतंय का लंगडतंय ते कळतं. दुकानदारानं चहा सांगितला. आमी दोन घंटे बसलाव. त्याच्यावर कुणाच्यातरी लग्नाचा व्हिडिओ लावून ठेवला व्हता, तो दोनदा सरला. लॅपटॉप चालूच. मी हात लावून बघितला, जरासा कोमट, जास्ती न्हाई.

नात माझ्याकडं बघून हसली. ती हसती तवा तोंड झाकून हसती, लहानपणापासून. त्या दिवशी झाकलं न्हाई.

पैसे दिले. दुकानदारानं लॅपटॉप पिशवीत घातला अन ज्या चार्जरवर त्यानं चालू करून दाखवला व्हता, त्याची वायर गुंडाळायला लागला. काळी, जुनी वायर, मधी चिकटपट्टी मारलेली.

आता इतं मी जे केलं ते सांगते.

आमच्यात जनावर विकलं की विकणारा त्याच्या गळ्यातलं आपलं दावं काढून घेतो. दावं देत न्हाईत. दावं दिलं तर मागच्या जनावराची बरकत त्याच्यासंगं जाती. अन घेणाराबी दुसऱ्याचं दावं घरी आणत न्हाई. दुसऱ्याच्या दाव्याचं जनावर खुट्याला लागत न्हाई, त्याचा जीव पहिल्या दारात राहतो. मनून बाजारात जाताना आमी आपलं नवं दावं खांद्यावर घेऊन जाताव. मी सासरी आल्यापासून हेच बघितलं, हेच केलं. बकऱ्या अन बोकड विकले तवाबी चारीची दावी घरी आणली.

मी मनले, "ते राहू दे तुझ्यापशी. आमी आमचं घेताव."

दुकानदार थांबला. "आजी, चार्जर आलाय त्याच्यात. येगळे पैसे न्हाईत."

"पैशाचं न्हाई. तुझं तुला राहू दे."

नात हळूच मनली, "आजी, सरांनी लिहिलंय, चार्जर त्याचाच घ्यायचा."

"सरांनी कवा बकरी घेतली का?"

"आजी, हे तसं नसतं."

"सगळं तसंच असतं. त्याच्या घरची वस्तू त्याच्या घरी राहू दे. तुझं काम चांगलं सुरू व्हायचंय."

दुकानदार मनला, "बघा बरं. दुसरा लावला तर मंग माझ्याकडं येऊ नका."

"न्हाई येत," मी मनले.

नातीनं सरांच्या कागदाची घडी घातली. आजूबाजूला चार गिऱ्हाइकं उभी व्हती. बकऱ्या माझ्या गेल्या व्हत्या, पैसे मी मोजले व्हते. चारचौघात ती मला खाली कशी पाडणार. तिनं पिशवी उचलली.

स्टँडच्या बाहेर एक जण गाड्यावर चार्जर, हेडफोन, मोबाईलची कव्हरं घेऊन बसतो. त्याच्यापशी नातीनं लॅपटॉप काढून दाखवला. त्यानं चार-पाच पिना लावून बघितल्या, एक बसली. "ही घ्या, एकदम फिट," मनला. नातीनं विचारलं, "ह्याच ताकदीचा हाय ना?" तो मनला, "पिन बसली मंजी तोच." नवाकोरा, पिशवीतला. मला लय बरं वाटलं.

घरी आल्यावर मी लॅपटॉपला हळद-कुंकू लावलं, चार्जरलाबी लावलं.

सोमवारी शिकवणं सुरू झालं. नातीनं सकाळी आंघोळ करून येणी घातली, भिंतीला चादर बांधली, तिच्यापुढं बसली. आत दहा-बारा पोरीपोरं, एकेक चौकोनात. एक बाई शिकवायली. मी उंबऱ्यावर बसून ऐकायले. दुपारी लाईट गेली, बॅटरीवर चाललं. नंतर चार्जर लावला. चार्जरची डबी हात लावू वाटंना एवढी तापलेली.

"तापलंय की ग हे."

"जरासक तापतंच," ती मनली. पर तिनं डबीखाली फरशीचा तुकडा ठेवला.

मंगळवारी डबीचा वास यायला लागला. रबर जळाल्यावर येतो तसा. तिनं काढलं, गार होऊ दिलं, परत लावलं. काढावं तर बॅटरी सरती, लावावं तर तापतं. त्या दिवशी बाईनं तिचं नाव घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं की हिच्या चुका सगळ्यात कमी. रात्री तिनं हे तिच्या आईला फोनवर सांगितलं. त्या टायमाला त्यांची मेंढरं येलदरी धरणाच्या अंगाला बसली व्हती. सूनबाई मनली, "मला एकदा दाखव बरं तुझं ते." नात मनली, "ये की माघारी, दाखविते."

बुधवारी सकाळी पावणेनऊला तिनं बटन दाबलं. काईच झालं न्हाई. परत दाबलं. वायर काढली, लावली. पडदा काळा तो काळाच. ती तसंच बटन दाबत राहिली. बाजूला मोबाईल वाजायला, त्यातून ती बाई हजेरी घ्यायली. नातीनं मोबाईलवरून हजर मनून सांगितलं. बाई मनली, मोबाईलवर चालणार न्हाई, आज सांगते, उद्या सांगणार न्हाई.

आमी मिळंल त्या गाडीनं परभणीला गेलाव. दुकानदारानं आमाला वळखलं. त्यानं लॅपटॉप पालथा करून स्क्रू काढले, आतलं उघडलं. एका जाग्यावर काळा डाग, नखाएवढा. त्यानं नाक लावून वास घेतला. मंग मनला, "चार्जर दाखवा."

नातीनं दिला. त्यानं त्याच्यावरचं बारीक लिहिलेलं चष्मा वर करून वाचलं.

"ह्याचं व्होल्टेज जास्ती हाय, ताई. ह्या मशिनीला एवढं चालत न्हाई. पिन बसली मनून काय झालं. बोर्ड गेला आतला."

"दुरुस्त व्हईल का?"

"हैदराबादला पाठवावा लागंल. पंधरा-वीस दिवस. अन त्या पैशात दुसरा जुना येईल तुमाला."

"मला उद्या सकाळी नऊला पाहिजे," नात मनली.

त्यानं स्क्रू परत बसवायला घेतले. मंग मनला, "ताई, मी त्या दिवशीच बोललो व्हतो." ते तो माझ्याकडं बघून न्हाई बोलला, तिच्याकडं बघून बोलला. मी तितंच खुर्चीवर. त्यानं खोटं काई केलं न्हाई. सात दिवसबी सरले नव्हते. पर दुसरा चार्जर लावला, मंजी बोलणंच सरलं. नातीनं विचारलं, दोन दिवसांसाठी एखादा भाड्यानं देता का. तो मनला, देत न्हाई. मंग मनला, देत असतो तर तुमाला दिला असता.

माघारी येताना एसटीत बसायला जागा मिळाली. तिनं पिशवी मांडीवर घेतली. पालमच्या अलीकडं मनली, "आजी, दादाला मी सांगते. तू काई बोलू नको."

ती तिच्या बापाला दादा मनती.

संध्याकाळी तिनं त्याला फोन लावला. "दादा, माझ्या हातनं चूक झाली. चार्जर चुकीचा घेतला मी." तिकडून लेक काय बोलला ते मला ऐकू आलं न्हाई. थोडंच बोलला. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय मनला. ती मनली, "जाऊ दे मनला."

गुरुवारी तिनं पालमच्या सरांचा लॅपटॉप मागून बघितला. त्यांना क्लासला लागतो, ते सकाळचे दोन घंटे देतो मनले, पर शिकवणं दिवसभराचं. शुक्रवारी कंपनीचा मेसेज आला. तिनं मला वाचून दाखवला न्हाई. मोबाईल उलटा ठेवला अन पीठ मळायला बसली. मीच सांजच्याला विचारलं. तिची जागा दुसऱ्या कुणाला दिली व्हती. पुढच्या वेळी परत अर्ज करा, असं लिहिलं व्हतं. अर्ज करायचा तर लॅपटॉप पाहिजे. घरात विकायसारखं आता काई न्हाई. मेंढरं लेकाची अन त्याच्या चुलतभावांची सामायिक, त्यातलं एकबी आमच्या एकट्याचं न्हाई. म्हाताऱ्या बकऱ्या बाजारात कुणी हात लावणार न्हाई, मीच लावला नसता.

त्याला आता वरीस व्हत आलं. सरांनी तिचं नाव आणखी दोन जाग्याला दिलं. दोन्हीकडं पहिला सवाल तोच, लॅपटॉप हाय का. सर आता फोन करत न्हाईत. त्यांनाबी नवी पोरं येतेत दरसाल.

नात सकाळी करडं सोडती, आडोशाला बसून त्यांना राखती. आठ वर्षांची व्हती तवाबी मी तिला हेच काम दिलतं. लॅपटॉप पेटीत हाय. तिनं तो एकदा काढून पुसला, मंग परत ठेवला. मला कवाच काई बोलली न्हाई. भांडली असती तर मी चार शब्द उलटे बोलले असते, ती चार बोलली असती. ते झालंच न्हाई. जेवायला वाढती, पाय चेपती, मी खोकले तर पाणी देती. बोलणं आधीपेक्षा जास्तीच करती, पर त्या दुकानाचं कवा काढत न्हाई.

मागल्या आठवड्यात शेजारची बाई तिच्या लेकीला घेऊन आली. लेकीला कॉलेजसाठी जुना लॅपटॉप घ्यायचा, परभणीला जायल्यात. नात आडोशाला एका करडाला बाटलीनं दूध पाजत व्हती. त्याची आई आटली. मी पलीकडं शेवरीचा पाला तोडत बसलेली.

"तुला माहिती असंल, मनून आले," बाई मनली. "काय काय बघावं ते सांग बरं हिला."

नातीनं सगळं सांगितलं. न अडखळता सांगितलं, बिजागरीपासून बॅटरीपस्तोर. पांढरा पडदा करून बघ, एकेक बटन दाबून बघ, पहिल्याचं नाव आपल्यासमोर काढून घे, वायर काढून दोन घंटे चालू ठेव. ती पोरगी मोबाईलमधी लिहून घ्यायली.

"अन चार्जर त्याचाच घे," नात मनली. "जुना असला तरी. दुसरा घ्यायची येळ आली तर त्याच्यावरचे आकडे जुळवून घे. पिन बसली मनून घेऊ नको."

बाई मनली, "तुझा त्याच्यातच गेला ना व? एवढी शिकलेली तू, अन तुला एवढं कळलं न्हाई?"

"ध्यानात राहिलं न्हाई, काकू."

"असं कसं राहिलं न्हाई. आमच्या हिचंबी तसंच व्हायचं, बग." मंग ती माझ्याकडं वळली. "मावशी, तुमी संगं व्हतात की. तुमी तर बाजारात कुणाला ऐकत न्हाईत. तुमीबी काई बोललात न्हाई?"

माझ्या हातात पाल्याची फांदी. नात खाली मान घालून बसलेली, तिनं वर बघितलं न्हाई.

"मला काय कळतंय त्यातलं," मी मनले.

बाई अन तिची लेक गेल्या. करडू बाटली धरीना, मान फिरवायलं. नातीनं बोट दुधात बुडवून त्याच्या तोंडात दिलं अन ते चोखायला लागंपस्तोर तशीच बसून राहिली.